जाळी नसलेला पट्टा

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या जूचंद्रात कोणाच्याही घरी चहा घ्या, कपाच्या तळाशी रांगोळीचा एखादा कण सापडल्यावाचून राहणार नाही. नायगाव स्टेशनावर उतरून पूर्वेला रिक्षा केलीत, मिठागरे मागे टाकलीत आणि चंडिकादेवीचा डोंगर दिसू लागला की आमचे गाव आले. आता ते वसई-विरार महानगरपालिकेत मोडते, २०१४ पासून जिल्हाही पालघर झाला. पण लोक त्याला ओळखतात ते रांगोळीचे गाव म्हणून. इथली मुले जमिनीवर माणसाचा चेहरा असा उठवतात की पाहणाऱ्याने वाकून विचारावे, ‘हा फोटो तर चिकटवलेला नाही ना?’

दोन वर्षांपूर्वी धनत्रयोदशीच्या रात्री शेजारचा मुलगा असाच एका चेहऱ्यावर काम करीत बसला होता. मुलगा म्हणायचे आपले; त्याला स्वतःला तीन वर्षांचे पोर आहे. सकाळी आठाला बसलेला तो रात्री दोनच्या सुमारास डोळ्याच्या बाहुलीतला उजेड ठेवीत होता. मला म्हातारपणी झोप कमी. थर्मासमधला चहा घेऊन मी त्याच्यापाशी जाऊन बसलो. मान वर न करता तो म्हणाला,

“काका, एक हिशोब लागत नाय. इथं अठरा तास पाठ मोडून बसतो, तरी उठताना वाटतं, अजून एक काढावी. कंपनीत आठ तास उभा राहतो, सगळं काम मशीन करतं; पण घरी आलो की पोरगं अंगावर आलेलं सुद्धा नको वाटतं. शरीर तर एकच हाय ना माझं?”

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. खरे तर त्याच्या प्रश्नाचे उत्तर देणे हा माझा धंदाच होता. छत्तीस वर्षे मी निरनिराळ्या कारखान्यांत कामगार कल्याण अधिकारी म्हणून नोकरी केली. १९४८ च्या कारखाना अधिनियमाप्रमाणे जेथे पाचशे किंवा अधिक कामगार असत तेथे असा एक प्राणी ठेवावा लागे. उपाहारगृहातल्या आमटीपासून पाळणाघरातल्या पाळण्यापर्यंत सगळे त्याच्याकडे. तो कायदा मला जवळजवळ पाठ होता. विसाव्या कलमात थुंकदाण्या, एकविसाव्यात फिरत्या यंत्राला घालायचे कुंपण. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली आहे. पण माझी सगळी नोकरी जुन्यावर झाली. फिरत्या पट्ट्यात कोणाचा सदरा अडकू नये म्हणून मी जाळ्या बसवून घेतल्या, त्यांच्यासाठी मालकांशी भांडलो. मनाला ओढून नेणारा पट्टा मात्र मला दिसत नव्हता. दिसत नव्हता असे तरी कसे म्हणू? एकदा दिसला होता, आणि मी मान फिरवली होती.

१९८६ ची गोष्ट. ठाण्याकडच्या एका कारखान्यात मी होतो. तेथे पॉवर प्रेसवर काम करणाऱ्या एका माणसाची उजव्या हाताची दोन बोटे गेली. प्रेसची जाळी त्याने स्वतः काढून ठेवली होती. अपघाताच्या कागदावर ‘कारण’ असा एक रकाना असे. त्यात मी वळणदार अक्षरात लिहिले : ‘कामगाराचा निष्काळजीपणा.’ सही केली आणि जेवायला गेलो.

जाळी लावून पाळीत नऊशे नग निघत आणि ठरवून दिलेला आकडा बाराशेचा होता, हे मला ठाऊक होते. ती त्याची ओळीने अकरावी रात्रपाळी होती, हे हजेरीपटावर होते. बायको आजारी म्हणून त्याने दोनदा रजा मागितली होती आणि दोनदा नाकारली गेली होती. ते दोन्ही अर्ज माझ्याच फायलीत होते. फोरमन त्याला सगळ्यांदेखत काय काय बोले ते माझ्या खोलीपर्यंत ऐकू येई. एवढे सगळे हाताशी असून मला लिहायला सुचला तो निष्काळजीपणा! तो बरा होऊन आला तेव्हा त्याला फाटकावर बसवले. एक दिवस त्याने मला थांबवले आणि शांतपणे म्हणाला, “साहेब, बोटं गेली ती गेली. पण ते नाव लावायला नको होतं.”

त्यानंतर मी वाचू लागलो. आधी पुष्कळसे वाचले ते स्वतःची समजूत घालण्यासाठी. ‘मनोसामाजिक धोके’ असा एक जड शब्द तज्ज्ञ वापरतात. त्याचा अर्थ साधा आहे : कामाची मांडणीच अशी असणे की तिने माणसाचे मन आणि मनामागोमाग शरीर झिजावे. माणूस कमकुवत आहे की खंबीर, हा पुढचा प्रश्न. आधी मांडणी पाहायची.

शेजारच्या मुलाचा हिशोब १९७९ मध्येच एका माणसाने मांडून ठेवला होता. रॉबर्ट कॅरासेक हा अमेरिकन संशोधक. त्याने अमेरिकेतील आणि स्वीडनमधील कामकऱ्यांची माहिती तपासून असे म्हटले की, नुसत्या भाराने माणूस मोडत नाही. भार मोठा आणि आपल्या हातात काहीच नाही, अशी गाठ पडली की मोडतो. भार मोठा असला, पण कसे करायचे, कोठे थांबायचे, काय बदलायचे हे ठरविण्याची मुभा असली, तर तोच माणूस त्या कामात शिकतो, फुलतो. रांगोळीत गालाची छटा चुकली तर आमचा मुलगा ती फुंकून पुसतो आणि नवी टाकतो; कोणाला विचारीत नाही. कारखान्यात तो प्लास्टिकच्या मोल्डिंग मशीनवर असतो. मशीन ठरावीक सेकंदांनी तोंड उघडते, नग काढायचा, पुन्हा मिटते. नग वाकडे येऊ लागले हे त्याला सर्वांच्या आधी कळते. पण उष्णतेच्या बटणाला हात लावायची परवानगी नाही. फोरमनला हाक मारायची आणि तो येईपर्यंत वाकडे नग काढीत राहायचे. बाद मालाचा बोल शेवटी त्याच्याच माथी.

आपल्याकडे अजून एक समज घट्ट आहे. काळजी, जबाबदारी, रक्तदाब हे सगळे साहेबाच्या वाट्याला, शिपाई बिचारा निर्धास्त. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत १९६७ पासून साडेसतरा हजारांहून अधिक पुरुष नोकरांची पाहणी झाली. तीत नेमके उलटे निघाले. हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण सर्वांत खालच्या पायरीवर, निरोप्या-शिपायांत, सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक होते. विडी-सिगारेट, रक्तदाब वगैरे हिशोबात धरूनही सगळा फरक उलगडेना. १९८५ मध्ये मायकेल मार्मट यांनी दुसरी पाहणी सुरू केली. तीत बायकाही होत्या. ‘आपल्या कामावर आपला ताबा किती’ या एका गोष्टीचा हृदयविकाराशी संबंध तीत पुन्हा दिसला.

एवढ्यावरून कोणी असे समजू नये की आवडीचे काम असले की तास मोजायला नकोत. वर्षातून दोन रात्री अठरा तास बसणे वेगळे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून एक अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला पंचावन्न किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, पस्तीस ते चाळीस तासवाल्यांपेक्षा, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक. अशा लांबलेल्या कामामुळे २०१६ या एका वर्षात जगभर सुमारे ७,४५,००० माणसे गेली. आमच्या मुलाने वर्षभर रोज अठरा तास रांगोळी काढली तर तोही अंथरुणाला खिळेल.

तर त्या दिवाळीनंतर या मुलाने आपल्या शेठना माझ्याविषयी काय सांगितले कोणास ठाऊक, पण एके दिवशी मला बोलावणे आले. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतला पासष्ट माणसांचा कारखाना. नाव सांगण्याचे कारण नाही. शेठ भला माणूस, मला खुर्ची देऊन म्हणाला, “काका, माणसं टिकत नाहीत, सोमवारी निम्मी गायब. मी विचार करतोय, सकाळी पंधरा मिनिटं योगाचा वर्ग ठेवावा. नाहीतर तो हसण्याचा क्लब असतो ना, तो.”

मी स्वतः रोज प्राणायाम करतो, तेव्हा योगाविरुद्ध माझे काही नाही. पण पट्ट्याला जाळी न लावता कामगाराला चपळाईने बाजूला होण्याचे शिक्षण द्यावे, तसे हे झाले असते. मी म्हटले, “आधी मला तुमच्या वह्या द्या.”

सहा महिन्यांचा हजेरीपट, ओव्हरटाईमची वही, रजेचे अर्ज आणि प्रथमोपचाराच्या पेटीतली मळकी वही. या शेवटच्या वहीवर माझे फार प्रेम आहे. बोट चेपले, डोळ्यात काही गेले, चक्कर आली, अशा किरकोळ नोंदी कोणी खोट्या लिहीत नाही, कारण त्या कोणी वाचत नाही. त्या नोंदी मी नातवाच्या आलेखवहीत तासवार मांडल्या. एकूण एकतीस निघाल्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक संध्याकाळी साडेपाचनंतरच्या आणि पुष्कळशा महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातल्या. एकतीस हा आकडा काही फार मोठा नव्हे, योगायोगही असू शकतो. म्हणून वही मिटून मी खात्यात जाऊन उभा राहिलो. चार दिवस, दोन रात्री.

पॅकिंगच्या टेबलावर बावीस बायका होत्या. प्रत्येकीजवळ पाण्याची बाटली. सकाळी भरून आणलेली ती बाटली संध्याकाळी जवळजवळ भरलेलीच पिशवीत परत जाई. मे महिन्याचे दिवस, वर पत्रा. पहिल्या दिवशी माझ्या लक्षात आले नाही. दुसऱ्या दिवशी आले. मी विचारले असते तर त्यांनी मला काही सांगितले नसते, म्हणून घरी येऊन सौ.ला सांगितले. ती दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत त्यांच्यात जाऊन बसली आणि अर्ध्या तासात सगळे घेऊन आली. संडासाची किल्ली सुपरवायझरच्या खिशात. प्रत्येक वेळी पुरुषासमोर हात पसरून ती मागायची, किती वेळ लागला ते तो घड्याळात पाहणार. त्यापेक्षा पाणी न पिणे बरे. दोघींना लघवीच्या विकारासाठी औषध चालू होते आणि दोघींच्याही रजेच्या अर्जावर ‘घरगुती कारण’ असे लिहिलेले होते!

घरगुती कारण, अंगदुखी, गावी जाणे. रजेच्या अर्जांत हे तीन शब्द ओळीने दिसू लागले की तपासणाऱ्याने सावध व्हावे.

आता विचारायचे कसे? ‘तुम्हाला ताण आहे का?’ असे विचारले तर पुरुष ‘नाही’ म्हणतो आणि बाई हसते. मी तसे विचारीतच नाही. माझे प्रश्न असे असतात : आज किती वाजता सुटणार हे सकाळी ठाऊक असते का? चूक झाली तर पहिल्यांदा कोणाला सांगता? एकाच वेळी दोघांनी दोन हुकूम दिले तर कोणाचा ऐकता? काल घरी गेल्यावर पहिले काय केलेत? या शेवटच्या प्रश्नाने पुष्कळ कळते. एक जण म्हणाला, “दाराबाहेर वीस मिनिटं बसतो. मग आत जातो.”

ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याने २००४ मध्ये अशा चौकशीसाठी सहा मथळे घालून दिले : कामाचा भार, कामावरचा ताबा, मिळणारा आधार, आपसांतले संबंध, आपली नेमकी भूमिका आणि होणारे बदल. २०२१ मध्ये आयएसओने ४५००३ या क्रमांकाची मार्गदर्शिका काढली. तिचाही रोख तोच आहे. मी हे मथळे वापरतो, पण कागदावर नाही. त्या कारखान्यात मराठी वाचणारे थोडे, हिंदी वाचणारे थोडे, काहीच न वाचणारेही होते. आणि अक्षर ओळखू येईल ही भीती सगळ्यांनाच. म्हणून मी प्रत्येक प्रश्नाला बिस्किटांचे तीन रिकामे डबे ठेवले. एकावर हसरा चेहरा, एकावर साधा, एकावर रडका. चेहरे अर्थात आमच्या रांगोळीवाल्याने काढले. प्रत्येकाने एक चिंचोका घ्यावा, पडद्यामागे जावे आणि वाटेल त्या डब्यात टाकावा. आत कोणी नाही. मोजणी सगळ्यांसमोर. जेथे चारच माणसे होती त्या खात्याचे डबे मी वेगळे मोजले नाहीत. चारांत कोणी काय टाकले ते कळायला ज्योतिषी लागत नाही.

‘किती वाजता सुटणार हे ठाऊक असते का’ या प्रश्नाला रडका डबा जवळजवळ भरला. ओव्हरटाईमचा निर्णय संध्याकाळी साडेपाचला होई. आता ज्यांना जूचंद्राची रेल्वे ठाऊक आहे त्यांना याचा अर्थ कळेल. वसई-दिवा मार्गावर गाड्या मोजक्या. एक चुकली की पुढचीची वाट पाहत बसा, नाहीतर रिक्षाला पैसे घाला. घरी पोर शेजारणीकडे ठेवलेले. बोटे चेपत होती ती याच वेळी, हात मशीनवर आणि डोळा घड्याळावर असताना. जास्त कामाला त्यांची ना नव्हती. पैसे हवेच होते. अचानक कळण्याला होती.

धोके सापडले की त्यांचे वजन करावे लागते, नाहीतर शंभर तक्रारींची यादी करून माणूस स्वस्थ बसतो. किती जणांना, किती वेळा आणि झाले तर किती वाईट, एवढे तीन प्रश्न पुरतात. किल्ली : बावीस जणींना, रोज, शरीराला अपाय सुरू झालेला. ओव्हरटाईम : चाळीस जणांना, आठवड्यातून दोन-तीनदा. हुकूम देणारे तीन : शेठ, शेठचा मुलगा आणि फोरमन, तिघांचे तीन वार, सर्वांनाच जाच. फोरमनची जीभ थोड्यांनाच लागत होती, पण जिव्हारी.

आणि काही वेळा तराजू बाजूला ठेवावा लागतो. रात्रपाळीतला उत्तरेकडून आलेला एक वीस-बावीस वर्षांचा पोरगा बोलता बोलता मला म्हणाला, “यहाँ पटरी पास में ही है, चाचा.” हसत म्हणाला. मी हसलो नाही. त्याला सरळ विचारले, जीव द्यावासा वाटतो का? असे विचारल्याने विचार डोक्यात भरतो हा समज चुकीचा आहे. विचारणारा भेटला की माणूस बोलतो. तो बोलला. त्या रात्री त्याला मशीनवर उभे केले नाही. त्याच्या चुलतभावाला बोलावले, दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेले, सरकारची १४४१६ ही टेलि-मानसची सेवा २०२२ पासून आहे, तो आकडा भावाच्या फोनमध्ये घालून दिला. पोरगा आता गावी आहे, बरा आहे.

चिंचोक्यांच्या दिवशी माझी एक मोठी चूक झाली. मोजणी संपवून मी डबे बांधीत होतो, तेव्हा पॅकिंगचा सुपरवायझर, तोच किल्लीवाला, दारात येऊन उभा राहिला. मनातून मी त्याला आरोपीच ठरवून टाकले होते. तो म्हणाला, “काका, माझा चिंचोका कुठं टाकू?”

मी त्याला मोजलेच नव्हते. मग आम्ही दोघे रिकाम्या टेबलाशी बसलो. रोज रात्री किती पेट्या जायच्या तो आकडा त्याला वरून येई. बाया किती येणार यावर त्याचा काही अधिकार नाही. एकदा पेट्या कमी गेल्या म्हणून त्याचा सगळ्यांसमोर पाणउतारा झाला. किल्ली खिशात ठेवायची कल्पना त्याला त्यानंतर सुचली. पित्ताच्या गोळ्या तो मुठीने खात होता. १९८६ च्या माझ्या फोरमनला मी कधी विचारले होते का, की बाबा रे, तू का ओरडतोस?

शेठपुढे कागद ठेवला. त्याने शांतपणे वाचला आणि म्हणाला, “काका, हे सगळं परदेशी खूळ आहे. आपल्या लोकांना असलं काही नसतं.” तेव्हा मी त्याला नारायण मेघाजी लोखंडे सांगितले. ठाण्यात जन्मलेला, गिरणीत स्टोअरकीपरची नोकरी केलेला हा माणूस. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना जमवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. त्यात काय मागितले होते? रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, कामाला ठरलेली सुरुवात आणि ठरलेला शेवट, वेळेवर पगार, आणि जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. कधी सुटणार हे ठाऊक असावे, ही मागणी तेव्हाचीच. १८९० च्या एप्रिलमधल्या दहा हजारांच्या सभेत दोन कामकरी बायकाही बोलल्या आणि त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. शेठ दर रविवारी सहकुटुंब अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जातो. म्हणाला, “हे मला ठाऊक नव्हतं.”

मग त्याने मला विचारले, “आणि माझं मन कोण मोजणार? बिलाचे पैसे नव्वद दिवसांनी येतात. साडेपाचला ओव्हरटाईम मी हौसेने लावतो का? मोठ्या कंपनीचा माणूस चारला फोन करतो, उद्या सकाळी माल पाहिजे.” हे अगदी खरे होते आणि माझ्या कागदावर नव्हते. मी चौकटीत त्याचेही नाव घातले. त्याने धीर करून त्या मोठ्या कंपनीला कळवले की मागणी दुपारी बाराच्या आत आली तरच रात्री माल निघेल. आश्चर्य असे की त्यांनी ते मान्य केले. इतकी वर्षे कोणी सांगितलेच नव्हते.

किल्ली त्याच संध्याकाळी खिळ्याला लागली, आठवड्याने कुलूपच गेले. ओव्हरटाईमचे आता जेवणाच्या सुटीआधी सांगतात, बहुतेक दिवस. हुकूम एकाच तोंडून जातो. शेठच्या मुलाला ते जड गेले. मोल्डिंगवरच्यांना शिकवून, ठरावीक मर्यादेत बटण फिरविण्याची मुभा मिळाली. आकडा मात्र शेठने कमी केला नाही आणि पॅकिंगला दोन बाया वाढवा म्हटले ते ऐकले नाही. सहा महिन्यांनी मी ती मळकी वही पुन्हा मागितली. नोंदी एकतिसाच्या सोळा झाल्या होत्या. सोमवारची हजेरी सुधारली. माणसे अजून सोडून जातातच, कारण पलीकडच्या गाळ्यात पगार जास्त आहे, आणि त्याला माझ्या चिंचोक्यांत उपाय नाही.

हे सगळे मी घरी जेवताना मोठ्या रंगात सांगत असे. एक दिवस सूनबाई म्हणाली, “बाबा, आमच्याकडे याल का तपासायला?” ती अंधेरीला वातानुकूलित कचेरीत असते. संगणक, मऊ खुर्ची, कॉफीचे यंत्र. दारापासून दारापर्यंत पावणेदोन तास जायला, तेवढेच यायला. तिला कोणी रागावत नाही. रात्री अकराला वरिष्ठांचा संदेश येतो, खाली नम्रपणे लिहिलेले : ‘सवडीने पाहा.’ सकाळी सातला दुसरा : ‘पाहिलेत का?’ माझे प्रश्न मी तिला विचारले. कधी सुटणार हे ठाऊक असते का, याला ती म्हणाली, “सुटणं म्हणजे काय, बाबा?” डब्यांची युक्ती मात्र तिच्या मते तेथे चालणार नाही, चिंचोके मोजायलासुद्धा ते लोक एखादे ॲप लावतील आणि कोणी कोणता टाकला ते वर कळवतील.

वाचकांना पुण्याची ती गोष्ट आठवत असेल. २०२४ च्या मार्चमध्ये एका नामांकित लेखापरीक्षण संस्थेत रुजू झालेली सव्वीस वर्षांची मुलगी जुलैत गेली. सप्टेंबरमध्ये तिच्या आईचे पत्र प्रसिद्ध झाले. कामाच्या ओझ्याने मुलगी गेली असे आईचे म्हणणे, संस्थेने ते नाकारले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून दखल घेतली. एकट्या माणसाच्या मृत्यूचे कारण मागाहून असे नेमके वेगळे काढता येत नाही, वाद घालणाऱ्याला नेहमी जागा राहते. हजेरीपट आणि रात्रीच्या संदेशांच्या वेळा आधी पाहता येतात. सूनबाईने महिनाभर आपल्या संदेशांच्या वेळा एका कागदावर लिहिल्या. खात्यातल्या आणखी पाच जणींनी लिहिल्या. सहा कागद एकत्र करून, नावे न घालता, त्यांनी ते वरिष्ठांपुढे ठेवले आहेत. उत्तर अजून आलेले नाही.

या वर्षीच्या प्रदर्शनाला शेठ सहकुटुंब आला होता. आमच्या मुलाने एका मिठागरातल्या म्हाताऱ्याचा चेहरा काढला होता. मला त्यात माझे आजोबा दिसले. शेठ दोरीपाशी बराच वेळ उभा राहिला, मान वाकडी करून पाहिले आणि म्हणाला, “फार छान. पण फेट्याचा लाल जरा फिका असता तर?”

“नाय शेठ,” मुलगा म्हणाला, “तो तसाच पाहिजे.”

शेठने पुन्हा एकदा पाहिले आणि मान डोलावली.